समेवरचा फोटो

काल माळ्यावर जुना कॅमेरा सापडला. त्याच्या चामडी कव्हराचा वास नाकात शिरला आणि मी चाळीस वर्षं मागे, घाटकोपरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये जाऊन पोचलो. माझ्या तबलजी मित्राचं पहिलं एकल वादन होतं आणि फोटो मी काढत होतो. क्लिकचा आवाज कुणाला टोचू नये म्हणून मी नेमका समेवर, त्याची थाप पडते त्याच क्षणी, बटण दाबायचो. त्या दिवशी तो असा काही रंगला की माझं बोट थांबेचना! टाळ्या कडाडल्या तेव्हा कॅमेऱ्यावरचा आकडा पाहिला, तर एक्केचाळीस. छत्तीसच्या रोलमध्ये? रोल नीट अडकलाच नव्हता. एकही फोटो आला नव्हता. "वाट लागली रे," मी रडकुंडीला येऊन म्हणालो. तो खो खो हसला. "मग उद्या परत वाजवतो ना, यार!" आणि दुसऱ्या दिवशी दहिसरच्या त्याच्या खोलीत, तोच घामट कुर्ता घालून, त्याने अख्खं वादन पुन्हा केलं, आदल्या दिवसापेक्षा झकास. आजही त्याच्या प्रत्येक पोस्टरवर त्यातलाच एक फोटो असतो. बघणाऱ्यांना वाटतं, समोर केवढी गर्दी असेल. समोर मी एकटा होतो.