उपास सोडायचा डबा

विजया मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांचाच तास घेत होतो. दवाखान्यातून येईपर्यंत तेवढं सांभाळा, असं सांगून गेल्या होत्या. तास पुरा केला आणि स्टाफरूममध्ये त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर जाऊन बसलो...

विद्यापीठात आम्ही दोघं भावी शिक्षकांना विज्ञान कसं शिकवायचं ते शिकवायचो. मॅडमचा पहिला तास दरवर्षी डब्यांचा, प्रत्येकानं आपला जेवणाचा डबा सगळ्यांसमोर उघडायचा. एकदा एका मुलीनं भाकरी-ठेचा दिसू नये म्हणून झाकण अर्धंच उघडलं. मॅडमनी तिच्याच भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला आणि तासभर त्या भाकरीवरच शिकवलं : ज्वारीचं पीठ गरम पाण्यात का मळायचं, पापुद्रा कशानं सुटतो. आपल्या ताटातलं ओळखता यावं आणि त्याची लाज वाटू नये, ही त्यांची अन्नसाक्षरता. काही सहकारी मागं 'भाजी मॅडम' म्हणायचे. मीही हसलो आहे.

त्यांचं माहेर पुसेगावचं. तिथं मुक्काम करून आम्ही कनेरगाव नाक्याच्या आतल्या एका तांड्यावर रानभाज्यांच्या अभ्यासासाठी कित्येक वर्षं जात राहिलो. मॅडमचा नेम एकच, विचारायच्या आधी जेवायचं. "ज्यांच्या चुलीवरचं खाल्लं न्हाई, त्यांना चुलीचं काहून विचारायचं?" पहिल्याच खेपेला तांड्यावरच्या कमळाबाईंनी ताट वाढलं आणि माझा हात पुढं होईना. कुणाच्या घरचं चालतं, कुणाच्या नाही, हे लहानपणी अंगात भिनलेलं. वर्गात मी ते खोडून काढायचो. तिथं मात्र तोंडातून निघालं, माझा उपास आहे. मग दर खेपेला उपासच. लई कडक हायेत सर, असं कमळाबाई कौतुकानं म्हणायच्या. मॅडम खाली मान घालून जेवत राहायच्या.

परतताना नाक्यावर बसची वाट बघत आम्ही चहाला थांबायचो. मॅडम तीन कप्प्यांचा डबा काढून खालचा कप्पा माझ्यापुढं सरकवायच्या. "सूर्य बुडाला सर. सोडा उपास." भाकरी, अंबाडीची भाजी. वहिनीनं दिलंय, म्हणायच्या. दिवसभराचा भुकेला मी बोटं चाटून खायचो आणि वहिनींच्या हाताला चव आहे म्हणायचो. त्यावर त्या जरा जास्तच हसायच्या.

गेल्या आठवड्यात कमळाबाईंना सांगायला एकटाच गेलो. त्या पदरात तोंड घालून रडल्या. मग उठून फडक्यात भाकरी बांधायला लागल्या. सांजच्याला उपास सुटल्यावर खा, म्हणाल्या.

बांधून कशाला, मी विचारलं.

"दर खेपेला मॅडम नेत न्हाई का? सरांचा वाटा खालच्या कप्प्यात घाल म्हनायच्या. एक डाव मी इसरले, तर वही राह्यली असं तुमाला सांगून नाक्यावरून माघारी आल्या."

मी चुलीपुढं मांडी घातली.

"इथंच वाढा, कमळाबाई."

"आन् उपास?"

"कधीच नव्हता."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "मंग इतकी वर्सं आमची भाकर गार करून खाल्ली म्हना." आणि ताट पुढं केलं. अंबाडी तीच होती... फक्त गरम.

मॅडमनी माझी लाज झाकली, की एक दिवस मीच ताटावर बसेन म्हणून वाट बघितली? विचारायचं कुणाला...

तो डबा स्टाफरूममधल्या त्यांच्या कपाटावर आहे, घासून उपडा घातलेला. सांजच्याला दिवे लावताना माझा हात अजून बटणावर थांबतो. वाटतं, मागून कुणी म्हणेल, सूर्य बुडाला सर.