काकूंचं चुकीचं इंग्रजी

शिकवणीच्या खोलीला लागूनच काकूंचं शिलाई मशीन होतं. अलीकडे सर आम्हाला इंग्रजी शिकवायचे, पलीकडे काकू लोकांचे कपडे शिवायच्या. मध्ये नुसता पडदा. त्यामुळे ‘माय’ आणि ‘माईन’ची गल्लत करणाऱ्याला सरांनी कसं फैलावर घेतलं, ‘हिजसेल्फ’ लिहिणाऱ्याची कशी बिनपाण्याने केली, हे सगळं काकूंना पाठ होतं. सरांसमोर मात्र त्या इंग्रजीचा एक शब्द काढायच्या नाहीत. नव्या नवरीच्या उत्साहात एकदा पाहुण्यांना त्या ‘मायसेल्फ हिज वाइफ’ म्हणाल्या आणि सरांनी चारचौघांत चूक सुधारली. तेव्हापासून तोंडाला कुलूप. सरांनी शेकड्यांनी पोरं घडवली, पण बायकोशी कसं वागावं हे शिकवणारा मास्तर त्यांना भेटला नाही, असं मी आजही म्हणते.

मग सरांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू हलू लागले, पण वाचा परत येईना. डॉक्टर म्हणाले, त्यांना बोलतं करा, उशीर झाला तर अवघड आहे. मी शेजारीच राहायचे, रोज डोकावायचे. काकूंनी सगळं करून पाहिलं. जुनी गाणी लावली, मुलीला फोनवर बोलायला लावलं, भांडूनसुद्धा पाहिलं. सर आपले भिंतीकडे बघत बसायचे.

शेवटी काकूंनी भलतीच शक्कल लढवली. चूक ऐकली की या माणसाला राहवत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? सकाळी सरांचं अंग पुसता पुसता त्या मुद्दाम मोडकंतोडकं इंग्रजी झाडायला लागल्या. सर वॉश हरसेल्फ. धिस टॉवेल इज माय. सरांच्या कपाळावर आठी पडायची, ओठ थरथरायचे. तेवढ्यावर काकूंचा दिवस छान जायचा. मला मात्र भरून यायचं. ज्या चुकांच्या धाकाने ही बाई जन्मभर गप्प राहिली, त्याच ती आता मोठमोठ्याने करत होती.

एका सकाळी काकूंनी पुन्हा टॉवेल उचलला आणि तो आपला असल्याचं इंग्रजीत सांगितलं. सरांनी टॉवेलचं दुसरं टोक धरलं. मान जोरात हलवली. घशात बराच वेळ घरघर झाली.

“माय,” सर म्हणाले.

टॉवेल माझा आहे, असं त्यांना सांगायचं होतं. माझ्या ओठांवर ‘माईन’ आलंच होतं, पण काकूंनी असे डोळे वटारले की मी ते गिळून टाकलं. सर त्यांच्या तोंडाकडे बघत होते, उत्तर बरोबर आलं की नाही ते कळायची वाट बघणाऱ्या पोरासारखे.

“बरोबर,” काकू म्हणाल्या. “तुमचाच आहे. घ्या.”