एकदाच दाबायचं

जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यात माझी मैत्रीण शेजारी बसून गणपतींचे डोळे आखते. ब्रश टेकवताना श्वास धरते आणि रेघ ओढून झाली की स्वतःच म्हणते, "जमला बघ!"

लगेच फोटो हातात देणारा कॅमेरा घ्यायला ती मला पेणला घेऊन गेली. दुकानदाराने आधी पडद्यावर फोटो बघून मग छापायचा कॅमेरा दाखवला. तिने तो परत सरकवला. "दाबला की फोटो बाहेर, असा द्या. डोळा काय दहादा आखून बघतो आम्ही?"

पहिला फोटो माझा काढला. नाकाला रंग लागलेला.

"परत काढ गो," मी म्हटलं.

"नाय. आखणीवालीचं नाक असंच असतं."

तो फोटो आता आमच्या घरात दर्शनी भिंतीवर आहे. पाहुणे विचारतात, नाकाला काय लागलंय?

"बाप्पाच्या डोळ्यांतला रंग," मी सांगते.