राखेच्या रिंगणातली पेटी

सोमवारपासून एर्मेलिंडाचा पाय घरात ठरत नव्हता. चुलीवर कसाव्याचा पाला शिजत ठेवायचा, त्यात शेंगदाण्याचं कूट घालायला विसरायचं, कुंपणाशी जाऊन उभं राहायचं, परत येऊन झाकण काढून नुसतं बघायचं आणि पुन्हा कुंपण गाठायचं. जानेवारीत लिंबेलाच्या किनाऱ्यावर तसं कोणालाच स्वस्थ बसवत नाही. पाऊस पडून गेला की करवंट्या, फुटक्या होड्या, बाटल्यांची टोपणं, जिथे म्हणून घोटभर पाणी साचेल तिथे डास. पण यंदा एर्मेलिंडाला डासांनी नव्हे, डास मारायला आलेल्या माणसांनी हैराण केलं होतं.

फवारणीवाल्यांनी समुद्राकडच्या टोकापासून सुरुवात केली होती. पाठीवर पंप, तोंडाला फडकं, आणि एकच अट: घरातली प्रत्येक वस्तू बाहेर काढा, भिंती मोकळ्या करा. म्हणजे सबंध गल्लीच्या डोळ्यांदेखत आपला संसार अंगणात मांडा. औषधाचं कोणाला काही पडलं नव्हतं. बायका हातातली कामं टाकून ती मांडामांड बघायला जात. कोणाच्या गादीतून कापूस बाहेर आलाय, कोणाचा रेडिओ नुसताच खोका आहे, सगळं एका सकाळीत उघड. बोटीवरून निवृत्त झालेल्या आरोंच्या पलंगाखालून दारूच्या इतक्या बाटल्या निघाल्या की त्यांच्या बायकोला रडावं की हसावं कळेना. शेजारणींना मात्र कळलं. त्या दोन दिवस हसत होत्या.

शेजारची फेलिझार्डा यात सर्वांत पुढे. मंगळवारी ती कुंपणावर कोपरं टेकून म्हणाली, "मावशी, उद्या तुमचा नंबर. पेटी उचलायला चार गडी सांगून ठेवू का? माझा जावई रिकामाच आहे."

"तुझा जावई जन्मापासून रिकामाच आहे," एर्मेलिंडा म्हणाली, पण बोलण्यात नेहमीची धार नव्हती.

पेटी म्हणजे तिच्या नवऱ्याने सीमेपलीकडच्या जोनीच्या सोन्याच्या खाणीतून परतताना आणलेली लाकडी पेटी. इथे बाईची श्रीमंती पेटीत असते. लग्न, बारसं, मर्तिक, प्रत्येक प्रसंगाला एक कापुलाना मिळतो, चार हात लांबीचं छापील वस्त्र, आणि तो एरवी नेसायचा नाही, घडी करून ठेवायचा. नातीच्या लग्नात ती पेटी तशीच्या तशी नातीबरोबर जायची, आणि तोवर जागची हलवायची नाही, हलवली तर नशीब हलतं असं जुन्या बायका सांगत. एर्मेलिंडाने चाळीस वर्षांचे कापुलाने त्यात घातले होते. इथे पोरं आधी होतात आणि लग्न मागून लागतं; नात निल्झा हिच्या देजाची, म्हणजे मुलीकडच्यांना द्यायच्या रकमेची, बोलणी जूनमध्ये व्हायची होती, आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या, आमान्सियोच्या, आईला एर्मेलिंडाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, "माझी पोर हात हलवत येणार नाही."

पेटी रिकामी होती. रिकामीही नव्हे, त्यात माती होती. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला काळा कापुलाना काढायला तिने झाकण उघडलं. वरचे दोन जागेवर होते. तिसऱ्याला हात लावला तर बोटं आत गेली. खाली सगळा वाळवीचा चिखल, आणि त्यात कुठेकुठे निळ्या-पिवळ्या रंगाचे तुकडे. झाकण बंद करून ती किती वेळ त्यावर बसून राहिली, तिलाच माहीत नाही. मग वाचलेल्या दोनांपैकी एक तिने झाकणाच्या फटीतून जरा लोंबता ठेवला, म्हणजे येणाऱ्याला वाटावं, पेटी इतकी भरलीय की झाकण बसत नाही.

दुसऱ्या कोणाचं असं झालं असतं तर चार दिवस हळहळ आणि मग विसर. पण एर्मेलिंडा ही लिंबेलातली किड्यांची वैरीण होती. वाळूतली पिसू नखाखाली शिरली की गल्लीतले सगळे तिच्यापुढे पाय घेऊन बसत. सेफ्टीपिन तापवून ती पिसूची अंड्यांनी भरलेली पिशवी न फोडता अख्खी बाहेर काढायची, आणि पाय ओढणाऱ्याला एक चापटही द्यायची. वाळत घातलेल्या कपड्यावर माशी अंडी घालते म्हणून लंगोटालासुद्धा कोळशाची इस्त्री फिरवायला तिनेच सगळ्यांना लावलं. साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत, पलंगाचे पाय रॉकेलच्या वाट्यांत, आणि पेटीभोवती राखेचं रिंगण, रोज सकाळी नवं. चारही बाजूंनी राख, आणि खालून जमीन मोकळी. पेटी एकदा उचलून बघितली असती तरी कळलं असतं. इतका साधा मूर्खपणा तिच्या हातून झाला होता, आणि तो कोणाला कळण्यापेक्षा मेलेलं बरं असं तिला वाटे.

बुधवारी फवारणीवाले आले. त्यांची मुकादम लुर्देस, धिप्पाड, घामाने निथळलेली बाई. "आजी, सामान काढलं नाही अजून?"

"आमच्याकडे नको," एर्मेलिंडा दारात उभी राहून म्हणाली. "औषध मारलं की ढेकूण बाहेर पडतात. शिवाय घरात गरोदर पोर आहे. वास सोसत नाही तिला."

"मला सोसतो," निल्झा मागून म्हणाली. सातवा महिना होता तिचा. "आजी, हो बाजूला. मी काढते सामान."

"तू वजन उचलायचं नाहीस."

"मग गडी बोलावू. फेलिझार्डामावशी देतीय."

"या घराची मालकीण अजून मी आहे."

लुर्देसने खांदे उडवले आणि दारावर खडूने फुली मारली, न फवारलेल्या घराची. "शुक्रवारी शेवटचा दिवस. मन बदललं तर शाळेजवळ असू."

गेल्या वर्षी फवारणी पहिल्यांदाच गल्लीत आली, तेव्हाही त्या दारावर अशीच फुली पडली होती. तेव्हा निल्झा आपल्या पहिल्या, तान्ह्या पोराला घेऊन आमान्सियोच्या गावी गेली होती, आणि ती परत आल्यावर एर्मेलिंडाने सांगितलं होतं की यंदा आपल्या घरापर्यंत औषध पुरलं नाही. मार्चमध्ये ते पोर तापाने गेलं. पाच महिन्यांचं. तेव्हापासून ती फुली एर्मेलिंडाच्या डोळ्यांपुढून हटली नव्हती, आणि तरीही बुधवारी तिने दार सोडलं नाही. माणूस असा असतो. आपली लाज झाकायला एकदा जी किंमत मोजली, ती वाया जाऊ नये म्हणून दुसऱ्यांदा मोजायला निघतो.

निल्झा त्या दिवशी आजीशी बोलली नाही. गुरुवारी दुपारी ती कपडे इस्त्री करता करता खाली बसली. दात वाजत होते. बाहेर ऊन असं की वाळूवर पाय ठरत नव्हता, आणि ती दोन चादरी मागत होती.

आरोग्य केंद्राच्या बाकावर एर्मेलिंडा बसली, उठली, पुन्हा बसली. नर्सने निल्झाच्या बोटातून रक्त घेतलं, पट्टी बघितली. "मलेरिया. गोळ्या वेळेवर घ्या. बाळाचे ठोके ठीक आहेत, पण पुन्हा होता कामा नये. घर फवारलंय ना?"

निल्झाने आजीकडे बघितलं. एर्मेलिंडाने जमिनीकडे.

शुक्रवारी सकाळी एर्मेलिंडा मक्याच्या पिठाची शिमासुद्धा न रांधता शाळेजवळ गेली आणि लुर्देसला घेऊन आली. निल्झाला काजूच्या झाडाखाली चटईवर निजवलं. ताप उतरला होता, पण अंगात त्राण नव्हतं. सामान निघू लागलं तसे कुंपणावर चेहरे उगवले. पातेली, पलंग, येशूचं चित्र, इस्त्री. शेवटी पेटी राहिली.

"थांबा, जावयाला हाक मारते," फेलिझार्डा म्हणाली.

"नको. एकटी उचलेल ही. जड नाही," एर्मेलिंडा म्हणाली.

लुर्देसने पेटी उचलली आणि ती इतक्या सहज वर आली की तिचाच तोल गेला. तळ जमिनीवरच राहिला. अंगणापर्यंत लाल मातीची धार लागली, आणि मातीत चिंध्या, एकीवर पिवळा मासा अजून दिसत होता. कुंपणावर कोणी हसलं नाही. बघायला आलेल्या बायकांनाही बघवेना.

फेलिझार्डाच मग पुढे आली. टोमणा मारण्यासाठी जन्मलेली ती बाई मातीपाशी उकिडवी बसली आणि हळू म्हणाली, "मेली वाळवी. यंदाच्या पावसातच लागली असणार, मावशी. यंदा फार झालीय. माझ्या दाराची चौकट खाल्लीन्."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. यंदाच. नुसतं हो म्हणायचं होतं. गल्ली ते मानायला तयार होती, आमान्सियोच्या आईनेसुद्धा मानलं असतं. एर्मेलिंडाच्या जिभेवर हो आलंही होतं. पण निल्झा कोपरावर उठून तिच्याकडे बघत होती, आणि त्या चेहऱ्याकडे बघून आणखी एक खोटं बोलायची ताकद म्हातारीत उरली नव्हती.

"यंदा नाही," ती म्हणाली. "तीन वर्षं झाली."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. त्यांना वाटलं, तीन वर्षं ही बाई कशी जगली असेल एकटी ते घेऊन. निल्झाला तसं वाटलं नाही. ती हिशेब करत होती, आणि तो करायला तिला फार वेळ लागला नाही.

"गेल्या वर्षी औषध पुरलं नव्हतं," ती म्हणाली. "असं सांगितलं होतंस तू."

"पुरलं होतं."

"मग?"

"मी त्यांना परत पाठवलं."

लुर्देस तोवर आतून फवारून बाहेर आली होती. तिने दार ओढून घेतलं, काय चाललंय ते तिला कळलं नाही. "दोन तास कोणी आत जायचं नाही," ती पंप खांद्यावर घेत म्हणाली आणि पुढच्या घराकडे गेली. बायकाही एकेक करून निघाल्या. फेलिझार्डा सर्वांत शेवटी, जाताना तिने कुंपणाचं फाटक आवाज न करता लावलं.

"त्याला ताप होता तेव्हा तू सारखी त्याला वारा घालायचीस," निल्झा म्हणाली. "तुला जेव म्हटलं तरी उठायची नाहीस. मी आमान्सियोला सांगितलं होतं, माझ्या आजीसारखं कोणी करणार नाही."

निल्झा कूस बदलून झाडाच्या बुंध्याकडे तोंड करून पडली. दार बंद होतं, सगळा संसार उन्हात पडला होता, आणि दोन तास त्या अंगणातून दोघींना कुठे जायची सोय नव्हती.