तारप्याची थरथर
परवा मोखाड्याच्या बाजारात कुणीतरी मधाच्या पोळ्याचं मेण विकायला आणलं होतं. तो वास नाकात शिरला आणि माझी मान आपोआप खाली गेली. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. भातकापणी आटोपली होती, मी ठाण्याहून सुट्टीवर आलो होतो, आणि संध्याकाळच्या नाचासाठी बाबाने तारपा, म्हणजे आमचं भोपळ्याचं फुंकायचं वाद्य, काढून ओट्यावर ठेवला होता. त्याच्या दोन नळ्यांचे सूर अगदी एक नव्हते, किंचित फरक होता. त्यामुळे आवाज लाटेसारखा चढायचा, उतरायचा, थरथरायचा. मला तो दोष वाटला. बाबा नदीवर गेल्यावर मी मोबाईलवर सूर मोजायचं ॲप लावलं आणि एका नळीच्या भोकांच्या कडांना मेण लावून दोन्ही सूर तंतोतंत जुळवले. संध्याकाळी बाबाने फुंकलं, तर आवाज सरळ, सपाट, एसटीच्या हॉर्नसारखा. एकमेकींच्या कमरेत हात घातलेल्या बायांची रांग फेरी पुरी व्हायच्या आतच ढिली पडली. पुढची म्हातारी थांबून म्हणाली, "पाय उचलत नाय रे. तारपा आज बोलतच नाय." बाबाच्या बोटाला ताजं मेण लागलं. त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना म्हणाला, "तारप्याला काय नाय झालं. माझाच दम पुरत नाय आता." मी खिशातल्या मोबाईलवर हात ठेवून उभा राहिलो. पाड्यावर अजून म्हणतात, त्या सालापासून म्हाताऱ्याचा दम गेला. बाबा हसून मान हलवतो, आणि मी शेजारी बसून ऐकत राहतो.