पाऊण इंच

माझ्या मावशीला सगळी गल्ली टाचणीबाई म्हणायची. ती शिंपीकाम करायची आणि तिच्या ओठांत कायम चार-पाच टाचण्या धरलेल्या असायच्या, हे एक कारण. दुसरं कारण तिची जीभ. टाचण्या न काढता ती अख्ख्या जगाला नावं ठेवू शकायची, आणि एकही शब्द अस्पष्ट येत नसे.

तिच्या तक्रारींचा पाढा मला तोंडपाठ होता. वडिलांनी सातवीत शाळेतून काढलं. नवरा लग्नानंतर दोन वर्षांत कुणाला न सांगता निघून गेला. भावानं मोक्याची जागा देतो म्हणून सांगितलं आणि जिन्याखालची खोली गळ्यात मारली. मग समोरच तयार कपड्यांचं दुकान उघडलं. खरं सांगते, यातलं काहीही खोटं नव्हतं. म्हणूनच तिला कुणी अडवत नसे. सुट्टीच्या दिवशी मी तिच्याकडे जायचे. ती गिऱ्हाइकाचं माप घेऊन आकडे सांगायची, मी ते वहीत लिहायचे आणि मधल्या वेळात मान डोलवायचे.

त्या वर्षी तिच्या हाती एकच धड काम उरलं होतं. जवळच्या हॉस्पिटलातल्या बावीस नर्सेसचे युनिफॉर्म. त्या कामावरच दुकान तग धरून होतं. आणि नेमके तेच युनिफॉर्म परत यायला लागले. छातीत घट्ट होतो, काखेत काचतो, वाकलं की बटण निसटतं. आधी तीन आले, मग आठ. शेवटी मेट्रनबाईंचा निरोप आला, सोमवारी येऊन भेटा, पुढच्या कामाबद्दल बोलायचंय.

मावशी भडकली. "बसून बसून फुगतात आणि शिंपिणीच्या नावानं ओरडतात! जरा आरशात बघा म्हणावं." नर्सेसचं झाल्यावर कापडाची पाळी आली, कापडानंतर दुकानदाराची. समोरच्या दुकानदारानं मुद्दाम कुणाचे तरी कान भरलेत, इथवर तिची गाडी गेली. मी मान डोलवत होते.

शनिवारी दुपारी एक नर्स आपला युनिफॉर्म परत घेऊन आली. बारकी, शांत मुलगी. मावशीनं तिलाही सोडलं नाही. "जरा खाण्यावर ताबा ठेव गं बाई."

ती मुलगी चिडली नाही. म्हणाली, "ताई, आमच्या वॉर्डात वजनाचा काटा आहे. मी दर आठवड्याला त्यावर उभी राहते. दोन वर्षांत माझं वजन अर्धा किलोसुद्धा वाढलेलं नाही."

ती गेल्यावर मावशीनं तोंडातल्या टाचण्या एकेक काढून डबीत टाकल्या. कापड तर आटलेलं नव्हतं. कापायच्या आधी ते तिनंच धुऊन वाळवलं होतं. तिनं तो युनिफॉर्म उलटसुलट करून पाहिला. मग गळ्यातली टेप काढली आणि कापायच्या टेबलाच्या कडेला ठोकलेल्या पितळी पट्टीवर सरळ पसरली. माप टेपनं घ्यायचं आणि कापड पट्टीनं आखायचं, ही तिची पहिल्यापासूनची पद्धत.

मी वाकून पाहिलं. टेपवरचा छत्तिसावा इंच पट्टीवरच्या छत्तीसच्या पुढे गेला होता. चांगला पाऊण इंच पुढे. वापरून वापरून टेप ताणली गेली होती. अंग पावणेसदतीस असलं तरी टेप छत्तीसच सांगायची, आणि मावशी छत्तीसचंच कापायची.

"सापडला चोर!" मी ओरडले. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतकी वर्षं ती जगावर खापर फोडत होती पण दाखवायला कधी काही नसायचं. आता तर पुरावाच हातात आला होता. मेट्रनबाईंच्या टेबलावर टेप ठेवायची, शेजारी फूटपट्टी ठेवायची, की काम फत्ते.

मावशी मात्र स्टुलावर बसली. "ही टेप किती वर्षांची असेल गं?"

"मला काय माहीत?"

"मलाही माहीत नाही," ती म्हणाली. एवढंच.

सोमवारी टेप मीच पर्समध्ये घालून नेली. मेट्रनबाईंनी आम्हाला बसायलाही सांगितलं नाही. मी पर्सची चेन उघडते आहे तोवर मावशीनं बोलायला सुरुवात केली.

"बाई, माझी टेप ताणली गेली होती, म्हणून सगळे युनिफॉर्म पाऊण इंच कमी झाले. पण टेप काय स्वतःहून सांगणार आहे? ती तपासणं माझं काम. मी कधी तपासलीच नाही. आणि वर तुमच्या पोरींना नाही नाही ते बोलले. चूक माझी आहे. बावीसच्या बावीस मी सैल करून देते. त्याचं काही घेणार नाही."

माझा हात पर्समध्येच राहिला. मेट्रनबाईंनी चष्मा काढला. "अठ्ठावीस वर्षं या खुर्चीत बसते मी," त्या हळू म्हणाल्या. "कारणं खूप ऐकली. हे कुणी बोललं नव्हतं." मग त्यांनी स्वतः उठून मावशीला खुर्ची दिली. तरी पुढे जे सांगायचं ते सांगितलंच. पुढच्या युनिफॉर्मचं काम शुक्रवारीच दुसऱ्याला देऊन झालं होतं. शब्द दिला गेला होता, तो फिरवता येणार नव्हता.

परत येताना मी रडकुंडीला आले होते. खरं बोलून काय मिळवलंस, असं तोंडावर विचारलंसुद्धा. मावशी सरळ दुकानात शिरली. दिवा लावला, पहिला युनिफॉर्म उलटा केला. शिवणीच्या आत तिनं नेहमीप्रमाणे जादा कापड सोडलेलं होतं. ते तिनं बोटानं चाचपलं आणि चक्क हसली. तिचा चेहरा असा मोकळा मी आयुष्यात पाहिला नव्हता. एकुलतं एक काम हातचं गेलेली बाई अशी दिसते?

"मग आजोबा, काका, मामा, समोरचं दुकान?" मी विचारलं. "ते सगळं खोटं होतं का?"

"खोटं कशाला असेल? ते चुकलेच," ती म्हणाली आणि उसवायचं पातं शिवणीखाली सरकवलं. "पण त्यांनी घातलेले टाके मला उसवता येत नाहीत गं. वीस वर्षं नखानं ओढत बसले, एक निघाला नाही. हे माझे आहेत. हे निघतात बघ."

आणि दोरा कटकट तुटत गेला.