दोन हॉर्न

आमचे बाबा, काशीराम, एसटीचे ड्रायव्हर. दापोलीहून मंडणगडला परतताना आमच्या वाडीच्या फाट्यावर गाडी आली की दोनदा हॉर्न द्यायचे. तो ऐकला की आई भाताचं आधण ठेवायची. गाडी डेपोत लावून बाबा घरी येईपर्यंत भात तयार! काय दिवस होते ते!

मग आई गेली, बाबा निवृत्त झाले. माझा धाकटा भाऊ सुहास नोकरीसाठी अमेरिकेला गेला आणि तिथे हौसेने खाजगी वैमानिकाचं लायसन काढून बसला. बाबांनी फोनवर एवढंच मागितलं, "एकदा आपल्या घरावरून ने रे. तुझ्या आईला हॉर्न द्यायचाय."

सुहास रजेवर आला, पुण्याकडच्या एका फ्लाइंग क्लबात जाऊन आला आणि तोंड पाडून बसला. म्हणाला, "माझं लायसन अमेरिकेचं. तिथे नोंदलेल्या विमानाला चालतं, इथल्या विमानाला इथलंच लागतं."

माझं डोकंच फिरलं. "मग म्हाताऱ्याला आशा कशाला लावलीस, शहाण्या?"

बाबा उलट माझ्यावरच खेकसले. "गप गो नंदा! पासिंग दुसरीकडचं आहे, तो तरी काय करील?" पण त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

सुहासने मात्र मनावर घेतलं. इथली परीक्षा, तपासण्या, खेटे, सगळं केलं. इकडे बाबा थकत चालले होते, माझा जीव टांगणीला. शेवटी या हिवाळ्यात भारतीय लायसन हातात पडलं. विमानासाठी पुण्याला निघताना बाबांनी तिकिटाचे पैसे पुढे केले.

"बाबा, खाजगी लायसनवर भाडं घेता येत नाही."

"म्हणजे स्टाफचा पास म्हण की!" बाबा काय खूश झाले!

मी घरीच थांबले. हॉर्न ऐकायला कुणीतरी नको का?

दुपारी विमान आलं, पांढरं, एवढंसं. त्याला कुठला हॉर्न? पण घरावर येताच त्याचे पंख एकदा डावीकडे कलले, एकदा उजवीकडे. बाई गं! मी धावतच आत गेले, तांदूळ धुतले, आधण ठेवलं.

बाहेर आवाज विरत गेला तेव्हा कुठे लक्षात आलं, ही गाडी काही मंडणगड डेपोला लागणार नव्हती. तरी गॅस बंद केला नाही. भात झाला, आईच्या ताटात वाढून घेतला आणि रडत रडत एकटीच जेवले.